साडेचार एकर माळ आणि पाच हजार रोपं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मोहोळ तालुक्यात आजोबांच्या वाट्याची साडेचार एकर जमीन, सगळी माळ. वीस वर्षं कुणी कसलेली नाही. एका कडेनं ओढा, ओढ्याकाठी एक जुनी चिंच. तुम्ही पुण्यात नोकरीला, महिन्यातून एकदा गावी येणारे. येत्या जूनमध्ये पाच हजार रोपं लावून दाट जंगल उभं करायचं, दहा वर्षांनी त्यातून थोडंफार लाकूड निघावं, आणि ते रान तुमच्या मागेही टिकावं, अशी इच्छा. आणि विचारलंय एवढंच, की झाडं कोणती लावू आणि एकरी किती.

यादी देतो, पण शेवटी. या जिल्ह्यातल्या माळांवर पंचवीसेक वर्षं झाडांची कामं करतोय. झाडाची जात चुकली म्हणून फसलेली जागा मला क्वचितच भेटली. जागा फसतात त्या पाण्याचा हिशोब न केल्यानं, नाहीतर शेरडं कुठल्या वाटेनं येतात हे न बघितल्यानं. आणि बऱ्याचदा जमिनीत आधीच काय जिवंत आहे ते न पाहता जेसीबी फिरवला जातो, तिथेच खेळ संपतो. तेव्हा मी तुमचा प्रश्न असा वाचतो: महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसानं साडेचार एकर माळ सांभाळायचा कसा?

आधी पाणी. सोलापूर जिल्ह्याचा पाऊस सरासरी 550 मिलिमीटरच्या आसपास. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की चार हजार लिटर पाणी होतं. म्हणजे तुमच्या माळावर बऱ्या वर्षी जवळजवळ एक कोटी लिटर पाणी आभाळातून फुकट पडतं. आकडा मोठा वाटतो, पण ते पडतं कसं ते बघा. मृगात दोन-चार सरी, मग जुलै-ऑगस्टात मोठी ओढ, आणि भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्तात, तोही तासाभरात धो धो. उघड्या मुरमावरून ते पाणी थेट ओढ्याला आणि ओढ्यातून सीनेला. त्यानंतर आठ महिने कोरडे, त्यातले शेवटचे तीन भट्टीचे.

आता पाच हजार रोपं. रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी धरा, माळावर याहून कमी चालत नाही. आठवड्याला पन्नास हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. नोव्हेंबर ते मे तीस आठवडे, म्हणजे दीडशे टँकर, आणि असं किमान दोन उन्हाळे. टँकरचा भाव तुम्ही गावात विचारा. मार्चमधला विचारा आणि मेमधला वेगळा विचारा. आणि टँकर आला तरी माळावर पाइप धरून उभं कोण राहणार, हेही त्याच वेळी विचारा.

तुम्ही मियावाकी पद्धतीचा उल्लेख केलाय. अकिरा मियावाकी हे जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यांची पद्धत खरी आहे आणि योग्य जागी चालते. पण तिच्यात एका चौरस मीटरला तीन ते पाच रोपं असतात, म्हणजे एकरी बारा हजारांच्या पुढे. जमीन खोल खणून खतमाती भरायची आणि दोन-तीन वर्षं पाणी द्यायचं. शाळेच्या आवारात किंवा बंगल्यामागे, जिथे नळ आहे आणि रोज येणारा माणूस आहे, तिथे ती करा. घरच्यांना सावलीची हौस असेल तर पाणी असेल तिथे एक गुंठ्याचा तुकडा तसा करायला माझी ना नाही. तीनशे रोपांत होईल. साडेचार एकर माळाला मात्र ते झेपणारं नाही, आणि माझ्या मते ते त्याला शोभणारंही नाही. ते का, ते पुढे सांगतो.

मी हे शहाणपणानं सांगत नाही, हात पोळून घेऊन सांगतोय. 2011 च्या जूनमध्ये आम्ही पाच जणांनी मिळून एका माळावर सहाशे रोपं लावली. दोन बाय दोनचे खड्डे, शेणखत, रोपाशेजारी काठी, सगळं नीट. पहिलं वर्ष बरं गेलं. 2012 ला पाऊस रुसला, आणि 2013 चा उन्हाळा या जिल्ह्यात ज्यांनी काढलाय त्यांना मी काही सांगायला नको. जनावरं छावणीत होती, माणसांना प्यायला टँकर, झाडांना कोण विचारतो. त्या जूनमध्ये मोजली तेव्हा सहाशेतली एक्केचाळीस जिवंत होती. आणि तीही बहुतेक एका जुन्या, बुजलेल्या चराच्या अंगानं, जिथे पाणी मुरत होतं.

खरी गोष्ट पुढेच आहे. मोजत फिरताना पायाला काहीतरी लागलं. कडुलिंबाचं जुनं खोड होतं, जमिनीबरोबर तोडलेलं, आणि त्यावर हातभर उंचीचे हिरवेगार पंधरा-वीस फुटवे. त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं, खड्डा केला नव्हता, खत तर लांबच. मग आम्ही सहाशे रोपं विसरून खोडं मोजायला लागलो. लिंब, हिवर, बोर, बाभूळ, ओढ्याकडं पळस. तीन एकरात एकशे तीस निघाली. दर वर्षी ती फुटायची आणि दर वर्षी शेरडं ती खाऊन बोडकी करायची. मुळं मात्र खाली मुरमाच्या भेगांत केव्हाच उतरलेली. नवं रोप जिथे पोचायला पाच वर्षं घेतं तिथे ती आधीच बसलेली होती.

तेव्हापासून माझा पहिला नियम एकच: पहिलं वर्ष काही लावायचं नाही. बघायचं, मोजायचं, अडवायचं.

बघायचं म्हणजे काय, ते सांगतो. पुढच्या फेरीला गावी याल तेव्हा एक पहार, एक बादली आणि चुन्याची पिशवी घेऊन माळावर जा. माथ्यावर, उतारावर आणि ओढ्याजवळ पहार मारा. जिथे दोन ठोक्यांत ठण्ण वाजते तिथे वीतभर मातीखाली कातळ आहे. तिथे मोठं झाड होणार नाही, हट्ट धरू नका. जिथे पहार हातभर जाते आणि वर ओढताना तिला भुरकट मुरूम चिकटतो तिथे हिवर-बाभूळ-लिंब होईल. त्या भोकात बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांत जिरलं तर भेगा आहेत, मुळं वाट काढतील. तासाभरानंही तसंच उभं असेल तर ती जागा गवताला सोडा. पांढरे खडे, म्हणजे चुनखडी लागली तर तेही लिहून ठेवा. मग सगळा माळ पावलापावलानं हिंडा आणि जिवंत खोड दिसेल तिथे चुन्याचा ठिपका द्या. तुमच्याकडे किती निघतील ते इथे बसून सांगता येणार नाही. पूर्वी नांगरट झाली असेल तर कमी, नुसती चराई असेल तर भरपूर. वीस वर्षं पडीक म्हणताय म्हणून मला आशा आहे.

या खोडांचं काम अगदी थोडं आहे, पण हातानं करायचं आहे. पावसाळा संपल्यावर, थंडी लागली की करायचं. उन्हाळ्यात खोडाला विळा लावू नका. एका खोडावर वीस फुटवे असतात, त्यातले तीन ठेवायचे. ठेवायचे ते जमिनीलगत फुटलेले, खोडाच्या उंच काठावरचे नाहीत. वरचा फुटवा दिसायला जोमदार असतो, पण त्याची पकड नुसत्या सालीची असते आणि वळवाच्या वाऱ्यात तो फाटून येतो. खालचा मातीला टेकून स्वतःचं मूळ धरतो. बाकीचे धारदार विळ्यानं, खालून वर ओढत, साल न फाडता काढायचे. काढलेले काटेरी फाटे त्याच खोडाभोवती रचायचे, तेवढंच कुंपण. पुढच्या वर्षी तीनातला एक, फार तर दोन. बोराला आणि हिवराला काटे असल्यामुळे ते स्वतःला थोडं सांभाळतात, लिंबाकडं जास्त लक्ष द्या. एक माणूस दिवसात चाळीस खोडं आरामात करतो. ही काही माझी कल्पना नाही. आफ्रिकेत नायजर देशात 1980 च्या दशकात टोनी रिनाऊडो या ऑस्ट्रेलियन माणसानं शेतकऱ्यांबरोबर हेच केलं आणि लाखो हेक्टरांवर झाडं परत उभी राहिली. तिथला पाऊसही आपल्यासारखाच तोकडा.

पण हे सगळं शेरडांच्या तोंडातून वाचलं तर. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजारमुळे सगळ्यांना पाठ आहेत. पण तिथे अख्ख्या गावानं मिळून बंदी केली होती. तुम्ही पुण्यात राहून एकट्यानं तारेचं कुंपण घालणार, आणि वीस वर्षं ज्या माळावर गावातली चार घरं जनावरं चारतात त्यांना एका दिवसात बाहेर काढणार. तार दिवाळीपर्यंत कापलेली असेल. तार कापणाऱ्याला मी दोष देणार नाही.

म्हणून आधी त्या घरी जा. चहा प्या. कुणाची शेरडं येतात, कुणाची मेंढरं, कधी, कुठून, हे त्यांच्याच तोंडून ऐका. आमच्याकडे जे ठरलं आणि टिकलं ते असं: पावसाळ्यात जून ते दिवाळी जनावर आत नाही. दिवाळीच्या सुमारास गवताचं बी पडलं की विळ्यानं कापून न्यायचं, निम्म्या वाट्यानं. कापणी झाल्यावर गायी-म्हशी चरू शकतात, शेरडं नाहीत. गाय गवत खाते, शेरडू शेंडा खातं. पहिल्या वर्षी कुरकुर झाली. तिसऱ्या वर्षी त्याच माळावर पहिल्याच्या तिप्पट पेंढ्या निघाल्या तेव्हा राखण करायला तेच लोक पुढं आले. चोरून शेरडं घालणारा एक जण होता, त्यालाच राखणदार केला. त्याच्याइतक्या वाटा कुणाला माहीत असणार?

मेंढरांचा विषय जरा वेगळा. धनगरांना लोक उगीच झाडांचे वैरी ठरवतात. एका मेंढपाळ मामांनी मला बाभळीला आकडी, म्हणजे लांब काठीचा विळा, कशी लावायची ते दाखवलं होतं. खालच्या फांद्या, त्याही अर्ध्या, आणि शेंडा कधीच नाही. "शेंडा तोडला तर पुढच्या साली मी येऊन काय खाली पाडू?" असं म्हणाले. जुनी बाभूळवनं त्याच हिशोबानं टिकलीत. शिवाय रानात मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं आणि त्यात बाभळीचं बी असतं, पोटातून निघाल्यामुळे कवच मऊ झालेलं. मी बाभळीचं बी दुकानातून कधीच आणत नाही. वाड्यातल्या लेंड्या आणतो.

आता मघाशी म्हटलं ते, दाट जंगल माळाला शोभत नाही. हे माझं मत आहे आणि काही मंडळींना ते आवडत नाही. माळ म्हणजे उजाड, उजाड म्हणजे वाईट, म्हणून झाडं लावा, असा एक समज आपल्या डोक्यात बसलाय. तुमच्या शेजारच्या तालुक्यात नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. मीटरभर उंच, दहा-पंधरा किलो वजनाचा पक्षी, वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवर नजर पोचेल असं गवताळ रान लागतं. अशा माळांवर हिरवळ म्हणून गिरिपुष्पासारखी परदेशी झाडं दाटीनं लावली की आपण हिरवं केलं म्हणून खूश, आणि माळढोकाला मात्र घर राहत नाही. माळढोक आता जवळजवळ दिसेनासाच झाला. त्याला इतरही कारणं आहेत, विजेच्या तारा, शेतीचा रेटा. पण काळवीट, लांडगा, चंडोल, धाविक ही सगळी मंडळी अजून त्याच गवतावर आहेत. तुमच्या माथ्यावरचा, पहार ठण्ण वाजणारा भाग त्यांचा आहे असं समजा. तिथे एकही झाड लावू नका. पवना, मारवेल, डोंगरी ही गवतं चराई थांबली की बहुधा आपोआप येतात. पहिली दोन वर्षं नुसतं कुसळ दिसेल, मेंढरांच्या लोकरीत आणि तुमच्या पँटीत अडकणारं. घाबरू नका, चांगली गवतं मागून सरकतात. आणि हो, तुमच्या जमिनीचा गट नंबर अभयारण्याच्या किंवा त्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे वनखात्यात विचारून घ्या. मोहोळचा काही भाग त्यात मोडतो. तसं असेल तर चर, कुंपण, खोदकाम, सगळ्याला विचारूनच हात घालावा लागेल.

अडवायचं म्हणजे पाणी. उतारावर सलग समतल चर. दोन फूट रुंद, दीड फूट खोल चराचा एक मीटर सुमारे 270 लिटर पाणी धरतो. तुमचा उताराचा भाग अडीच एकर धरला आणि दहा-दहा मीटरवर चर घेतले तर साधारण हजार मीटर चर होतो. म्हणजे एका जोरदार पावसात पावणेतीन लाख लिटर जागेवर थांबलं, सत्तावीस टँकर. हस्तात असा पाऊस दोन-तीनदा आला की टँकरवाल्याचा हिशोब तुम्हीच करा.

पण चर समपातळीत पाहिजे, आणि गडबड नेहमी तिथेच होते. डोळ्यानं पातळी कळत नाही. दोन सारख्या लांबीच्या बांबूंचा ए-फ्रेम करा, मध्ये आडवी काठी, वरून सुतळीला दगड. सुतळी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे चुन्याचा ठिपका, पुढचं पाऊल. दोन माणसं दिवसात एक एकर आखतात. मी एकदा घाईत जेसीबीवाल्याच्या नजरेवर सोडलं. चराच्या एका टोकाला पाणी गोळा झालं, रात्रीत फुटलं, आणि सकाळी खाली कमरेइतकी घळ पडलेली. ती भरायला दोन वर्षं अनगड दगडी बांध घालत बसलो. तेव्हापासून दर वीस-पंचवीस मीटरवर चरात हातभर माती न खणता सोडतो, म्हणजे एक तुकडा फुटला तरी बाकीचे राहतात. मजूर मिळत असतील तर चर हातानंच काढा. मशीन चुन्याचा ठिपका दिलेली खोडं उपटून टाकतं. हे काम रोजगार हमीतून बसतं का ते ग्रामपंचायतीत विचारा. कागद वेळेत हलतील का, हे मात्र गावागावावर अवलंबून.

इथपर्यंतचा सारांश असा: माथा गवताला, उतार चरांना आणि जुन्या खोडांना, ओढ्याकाठ मोठ्या झाडांना. पहिलं वर्ष मोजणी, बोलणी आणि चर. लागवड दुसऱ्या वर्षी, तीही जिथे खोडं नाहीत तिथेच. पाच हजारांऐवजी तुम्हाला मला वाटतं तीन-साडेतीनशे झाडं लागतील, आणि त्यातली निम्मी कदाचित आधीच जमिनीत आहेत. उतारावर एकरी साठ-सत्तर झाडं उभी राहिली तर या पावसात ती पुष्कळ झाली.

आता तुमची यादी. उतारावर चराच्या भरावावर बिया टोका: बाभूळ, हिवर, सीताफळ, बोर. रोपापेक्षा बी बरं, कारण पिशवीत मूळ तळाशी गोल फिरतं आणि माळावर मग ते सरळ खाली उतरत नाही. बोराची आठोळी हलक्या हातानं फोडून लावा. लिंबोळी झाडाखाली पडली की आठ-पंधरा दिवसांत लावा, जुनी ठेवलेली उगवत नाही. अंजन हे खरं कोरडवाहू झाड, सावकाश वाढतं पण कातळातही मूळ घालतं. बी मिळालं तर बघा. ओढ्याकाठी करंज, जांभूळ, उंबर, आणि चिंच आहेच. कुंपणाला तारेऐवजी घायपात आणि सागरगोटा; तीन-चार वर्षं लागतात, पण नंतर कुणी कापून नेत नाही. रोपच लावायचं असेल तर थोडी, शंभरपर्यंत, ओढ्याच्या अंगाला. तेही पहिल्या पावसाला भुलून नाही. माती हातानं उकरून वीत-दीड वीत ओल दिसली की मग. भोवती दगड रचा, मुठीएवढे, आळ्यात एकाला एक लावून. दगडाखाली ओल राहते आणि मोकाट जनावर पाय घालत नाही. वाळकं गवत पसरलं तर वाळवी येते, ते माळावर मी टाळतो.

सुबाभूळ आणि गिरिपुष्प मी लावत नाही, एकदा बी सुटलं की आवरत नाही. वेडी बाभूळ, तीही बाहेरून आलेली आणि पसरणारी, तुमच्याकडे ओढ्याला असणारच. ती वरून तोडली तर चौपट फुटते. जमिनीखाली वीतभर खणून, मुळाच्या मानेतून काढावी लागते. सगळी एका वर्षात काढू नका. काठ उघडा पडेल आणि पहिल्या पुरात माती जाईल. दर वर्षी एक पट्टा काढा आणि त्या जागी करंज टोका. निघालेला फाटा गावात सरपणाला जातो.

लाकडाच्या उत्पन्नाबद्दल सरळ सांगतो. दहा वर्षांत या माळातून मोठी रक्कम निघणार नाही. बाभूळ बारा-पंधरा वर्षांत तोडायला येते, अवजारांना आणि सरपणाला तिला गिऱ्हाईक असतं. त्याआधी मिळतं ते गवत, सीताफळ, बोरं, बाभळीच्या शेंगा, पुढे चिंच. माझ्या अनुभवात गवताचे पैसे लाकडाच्या आधी आणि दर वर्षी येतात. तोडायला लागाल तेव्हा छातीच्या उंचीवर प्रत्येक झाडाचा घेर मोजून वहीत लिहा. दर वर्षी दहातलं एकापेक्षा जास्त तोडू नका आणि तोडलेल्याच्या खोडाचे फुटवे राखल्याशिवाय पुढचं तोडू नका. वाकडं, पोकळ, ढोली असलेलं एखादं म्हातारं झाड तसंच राहू द्या, पिंगळ्याला जागा लागते.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाखाली काही झाडं स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. चिंच, आंबा, जांभूळ, खैर, चंदन, अंजन, साग, मोह ही त्यातलीच. बाभूळ त्या यादीत नाही, पण तोडणं वेगळं आणि ट्रॅक्टरमध्ये घालून नेणं वेगळं. माझा एक ट्रॉलीभर माल दोन दिवस रस्त्यात अडकून पडला होता, कारण मी कागद न घेता निघालो होतो. चूक माझीच. तुम्ही आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारा. सातबारा काढून जमीन कुठल्या वर्गाची आहे, पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, किती, वाटप नोंदलंय का, ते बघा. हद्द कायम मोजणी करून घ्या. वीस वर्षं पडीक जमिनीचे बांध सरकलेले असतात, आणि चर चुकून दुसऱ्याच्या हद्दीत गेला तर झाडांआधी कोर्टाच्या तारखा उगवतील.

एकरी लाखोंचं गणित कागदावर मांडून दाखवणारे एजंट तुम्हाला भेटले असतील, मलबार नीम म्हणा, चंदन म्हणा. मलबार नीमला पाणी लागतं, ते तुमच्याकडे नाही. चंदन आपल्या हवेत येतं, त्याला यजमान झाड, म्हणजे ज्याच्या मुळांवर ते पोसतं असं झाड, लागतं तेही देता येईल. पण गाभा भरू लागला की रात्री राखण लागते. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाचं चंदन दुसरंच कुणीतरी तोडतं.

आणखी एक काम विसरू नका: वणवा. चराई थांबली की गवत वाढतं आणि वाढलेलं वाळकं गवत पेटतं. बिडीचं थोटूक पुरतं. जानेवारीत, वारा सुटायच्या आत, कडेनं आठ-दहा फुटांचा पट्टा गवत कापून साफ करा. वनखात्यात याला जाळरेषा म्हणतात आणि ते पट्टा जाळून घेतात. तुम्ही एकट्यानं जाळायच्या फंदात पडू नका, कापून काढा.

या जूनमध्ये सुटी काढून येणारच असाल तर पाच हजार रोपांची ऑर्डर रद्द करा आणि पहिला जोरदार पाऊस सुरू असताना छत्री घेऊन माथ्यावर उभे राहा. पाणी कुठून सुटतं, कुठे वळतं, कुठे थांबतं ते मोबाइलवर घ्या. नकाशा तिथेच तयार होतो. मग ओढ्याच्या काठी जाऊन त्या चिंचेची मुळं बघा. पुरानं उघडी पडली असतील तर वरच्या अंगाला दगडाचा छोटा बांध याच वर्षी घाला, तेवढं काम थांबवू नका. मुळं आणि ओढ्याचा काठ दोन्ही दिसतील असा फोटो काढून ठेवा, शेजारी पहार उभी करून, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. बांध किती उंच घ्यायचा ते त्यावरून सांगतो.